गोधडीच्या कोपऱ्यातला घास

ऐक जुनेराई, तुझी कहाणी. एक आटपाट नगर, नगराला नदी, नदीकाठी कोंडाबाई नावाची एकटी बाई. लेक सुंदरा गावातच दिलेली. कोंडाबाईनं जुनेराचा वसा घेतला. वसा काय? तर घरच्या जुन्या कापडांची गोधडी शिवावी, शेवटच्या कोपऱ्यात पोळीचा घास शिवावा, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. मग ती दुसऱ्याला द्यावी, अन् दिली की तिची चौकशी करू नये.

कोंडाबाई शिवायला बसे. आईचं हिरवं लुगडं हाती येई, चुलीपुढची आई आठवे. धन्याचं धोतर हाती येई, त्याची बांधावरची हाक आठवे. लेकीचा परकर हाती येई, डोळे भरत. असं मायेचं जुनेर तिनं शिवलं, दिलं. पण शेवटची अट काही पाळवेना. घरी विरजण असायचं, तरी विरजण मागायच्या निमित्तानं घरोघर जाई, अन् आपली गोधडी शोधी. आपल्यातही आहेत अशा, मी नावं घेत नाही.

पाटलीणबाईंकडे गेली. गोधडीवर तीळ वाळत होते. मग नणंदेकडे गेली. गोधडी व्यालेल्या गाईच्या पाठीवर होती. मग सुंदराकडे गेली. तिथं गोधडीच नव्हती.

"माझ्या आईच्या लुगड्याची होती गं ती. कुठाय?"

"एका बाईचं लेकरू कुडकुडत होतं, आई. तिला दिली."

कोंडाबाईच्या जिवाला लागलं. तशीच मागं फिरली, पहिल्या दोन गोधड्या ओढून घरी आणल्या, सुई ठेवून दिली.

मग तिला थंडी भरली. एक गोधडी घेतली, ऊब नाही. दुसरी घेतली, ऊब नाही. भर दुपारी उन्हात बसली, तरी ऊब नाही. अंथरूण धरलं. सुंदरा उशाशी बसून रडू लागली.

मग जुनेराई म्हातारीच्या रूपानं दारी आली. अंगावर तीच हिरव्या लुगड्याची गोधडी.

"ही तुला कुठं मिळाली गं?" कोंडाबाईनं विचारलं.

"एका लेकुरवाळीनं दिली. तिचं लेकरू सुधारलं, मग मला दिली."

म्हातारीनं गोधडीचा कोपरा कोंडाबाईच्या पायांवर टाकला. पाय ऊन झाले. कोंडाबाईला रडू आलं. म्हणाली, "एवढ्या मायेनं शिवली, कुणाला त्याचं काही नाही."

म्हातारी म्हणाली, "बये, लेकराला घास भरवतेस, मग तो अंगी लागला का ते पोट फाडून बघतेस होय?"

कोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"हवी तर घे परत," म्हातारी म्हणाली.

कोंडाबाईनं आईच्या लुगड्यावरून हात फिरवला. ठेवून घ्यावी, असं फार वाटलं. मग तिनंच ती म्हातारीच्या खांद्यावर नीट ओढली. "असू दे. ऊन आहे तोवर घर गाठ."

म्हातारी उंबरा ओलांडून गेली, तशी कोंडाबाईची थंडी गेली. तिनं एक गोधडी तिळांना पोचवली, दुसरी गाईला. नवं जुनेर काढलं, सुई ओवली. पुढं ती कुणाकडे विरजण मागायला गेली, तर विरजण घेऊनच परत आली.

जशी कोंडाबाईला जुनेराई पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो, देत्या हाताला ऊब राहो. साठ टाक्यांची कहाणी पाच टाक्यांत शिवली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.