अकरा नंबरची जर्सी

एकदा एका कप्तानाला त्याच्या वस्तादांनी प्रतिस्पर्ध्याची जर्सी घालायला लावली, आणि तीही अंतिम सामना अवघ्या सात दिवसांवर आलेला असताना. त्याची ही गोष्ट.

नदीकाठचं ते गाव भलतंच फुटबॉलवेडं. तिथे मुलगी बघायला आलेला पाहुणासुद्धा चहा घेता घेता हळूच विचारून घेतो, तुमची गल्ली कुठल्या संघाची. नदीच्या अलीकडे एक महाविद्यालय, पलीकडे दुसरं, आणि दर डिसेंबरात करंडक या दोघांपैकी एकाच्या कपाटात जाऊन बसतो. अलीकडच्या संघाचा कप्तान रणधीर. मैदानाची उजवी बाजू सांभाळणारा बचावपटू. अंगाने दणकट, मनाने सरळ, पण डोकं तापायला वेळ लागायचा नाही. त्याला शिकवणारे गृहस्थ पंच्याहत्तरीचे. तालमीच्या लाल मातीतून फुटबॉलकडे आलेले, म्हणून सगळं गाव त्यांना वस्तादच म्हणे. बोलत फार थोडं. शिट्टी मात्र सढळ हाताने वाजवत.

गेल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला पलीकडचा अकरा नंबरचा खेळाडू चेंडू घेऊन रणधीरच्या अंगावर आला. रणधीरने घसरत जाऊन पाय घातला. अकरा नंबरने चेंडू अलगद बाजूला काढला, आणि पुढच्या क्षणी गोल झाला. करंडक नदीपार गेला. चिखलात पडल्या पडल्या रणधीरने मान वळवून पाहिलं, तर तो अकरा नंबर दात दाखवून हसत होता. ते हसणं त्याच्या काळजात रुतून बसलं. त्यानंतर वर्षभर त्याने त्या मुलाचं नाव तोंडाने घेतलं नाही. ‘तो अकरा नंबर’ एवढंच म्हणायचा, आणि तेही दातओठ खाऊन. यंदा पुन्हा तेच दोन संघ अंतिम फेरीत आले होते आणि रणधीरचं महाविद्यालयातलं हे शेवटचं वर्ष होतं. झालं-गेलं निस्तरायची हीच काय ती संधी.

सरावाची रीत जगभर असते तशीच तिथेही होती. मोठ्या सामन्याआधी राखीव खेळाडूंनी प्रतिस्पर्धी व्हायचं, त्यांच्यासारखं खेळायचं, म्हणजे मुख्य अकरा जणांचे हातपाय सरावतात. पहिल्या दिवशी वस्तादांनी राखीव मुलांना पलीकडच्या संघासारख्या पिवळ्या जर्सी वाटल्या. शेवटची उरली, तिच्या पाठीवर अकराचा आकडा होता. ती त्यांनी उचलली आणि कप्तानाच्या हातात ठेवली. रणधीरच्या जागी पहिल्या वर्षातला यासिन खेळेल, असं म्हणून शिट्टी वाजवली.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. रणधीरची कानशिलं तापली. आपल्याला संघातून काढलं, गेल्या वर्षीच्या चुकीची शिक्षा आज मिळाली, असंच त्याला वाटलं. कारण विचारायला तो पुढे झाला, तर वस्तादांनी एवढंच सांगितलं की सात दिवस त्याच्यासारखं खेळायचं. वयाचा मान राखायचा म्हणून तो गप्प राहिला. जर्सी मात्र त्याने अशी चढवली, जणू अंगाला खाजकुयली लावतोय.

पहिले दोन दिवस त्याने सगळा राग यासिनवर काढला. खांदा मारून चेंडू पळवायचा, धडका द्यायचा. यासिन बिचारा लोळून लोळून लाल झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्ताद जवळ आले आणि म्हणाले की हा तर रणधीरच खेळतोय, नुसते कपडे बदललेत; तो मुलगा कसा खेळतो ते तू कधी बघितलंयस का? गेल्या वर्षीच्या सामन्याचं चित्रण सगळ्या गावाच्या मोबाइलवर फिरलं होतं. रणधीरने ते न बघताच पुसून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी त्याने एका मित्राकडून ते पुन्हा मागवून घेतलं आणि वसतिगृहाच्या पायरीवर बसून पहिल्यांदा बघितलं. अकरा नंबर आला. आपण घसरलो. गोल झाला. पण त्यापुढचं बघून रणधीर ताठ झाला. पिवळा संघ नाचत होता आणि गोल करणारा मात्र जमिनीवर बसून, दात आवळून, दोन्ही हातांनी उजवी पोटरी दाबत होता. रणधीरने ते चारदा मागे नेऊन बघितलं. त्यात हसणं कुठेच नव्हतं. बिचाऱ्याचा वेदनेने वेडावाकडा झालेला चेहरा होता, आणि आपण त्याला वर्षभर हसणं समजून उराशी धरून बसलो होतो.

तिसऱ्या दिवसापासून त्याचा खेळ बदलला. अकरा नंबरची चाल त्याने नीट उचलली. तो गडी स्वतःहून काही करतच नव्हता. चेंडू डाव्या पायापुढे ठेवायचा, सगळा भार उजव्या चवड्यावर घ्यायचा आणि समोरचा कधी पाय घालतो याची वाट बघायची. पाय उचलला गेला की मोकळ्या बाजूने निघून जायचं. रणधीर यासिनला सात-आठ वेळा असा चुकवून गेला आणि मनातल्या मनात त्याने त्या मुलाला दाद दिली. पण पाचव्या दिवशी त्याच्या स्वतःच्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की तो जागीच बसला. एका पायावर सगळा डोलारा पेलणं किती महागात पडतं, ते त्याला तेव्हा कळलं.

सहाव्या दिवशी गंमत झाली. यासिन इतका दमला होता की पाय घालायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. रणधीर चेंडू घेऊन समोर आला, तर यासिन नुसता उभा. रणधीर थांबला, खांदा हलवला, डोळ्याने चकवलं. यासिन दोन पावलं मागे सरकला आणि पुन्हा उभा राहिला. रणधीरला काय करावं सुचेना. वाट बघून पोटरी थरथरायला लागली. शेवटी त्याने चेंडू मुकाट्याने मागे दिला. कडेच्या खुर्चीत वस्तादांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा मान डोलावली.

सातव्या दिवशी सराव संपल्यावर रणधीरने जर्सी काढली, नीट घडी केली आणि वस्तादांपुढे ठेवली. मग खाली मान घालून विचारलं, “वस्ताद, उद्या मी खेळणार का?”

“तू नाही तर कोण?” वस्ताद म्हणाले. “बस इथं. अरे, वर्षभर तू रोज एका माणसाशी भांडलास. तो उद्धट होता, तुला हसत होता, तुझा अपमान करायलाच जन्माला आला होता. तसा माणूस नदीपलीकडे कुणीच नाही रे. तो तू तुझ्या मनात घडवलास. उद्या तू त्याच्यावर धावून गेला असतास, आणि जो खरा आहे तो बाजूने निघून गेला असता. नसलेल्या माणसाला अडवायचं तरी कसं? म्हणून म्हटलं, जो आहे त्याच्या अंगात सात दिवस राहून ये. हे मी तोंडाने सांगितलं असतं, तर तू हो म्हणाला असतास. पण पोटरीला कळलं नसतं.”

वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेला, असं रणधीरला वाटत होतं. उद्याच्या सामन्याची धाकधूक होती, पण राग शोधूनही सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरचं गाव मैदानात लोटलं. अकरा नंबर पहिल्यांदा चेंडू घेऊन समोर आला आणि सवयीने थांबला. रणधीर उभा राहिला. दोन पावलं मागे सरकला, पुन्हा उभा राहिला. त्या मुलाने मान वर करून त्याच्याकडे नवलाने पाहिलं आणि चेंडू मागे दिला. सबंध सामनाभर हेच चाललं. करंडक कुणी नेला हे सांगितल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही, म्हणून सांगून टाकतो: जादा वेळेत झालेल्या एकुलत्या एका गोलाने तो अलीकडे आला. पण मला सांगायची आहे ती त्याआधीची गोष्ट.

शेवटची चार मिनिटं उरली होती आणि गोल कुणाचाच झाला नव्हता. चेंडू पायाशी असताना अकरा नंबर अचानक कोसळला. चेंडू घरंगळत रणधीरपुढे आला. समोर सगळी बाजू मोकळी. गाव उठून उभं राहिलं आणि ‘पळ, पळ’ म्हणून ओरडायला लागलं. रणधीरने एकदा पुढे बघितलं, एकदा खाली. मग त्याने चेंडू सरळ रेषेबाहेर मारला. अख्ख्या अलीकडच्या काठाने कपाळावर हात मारला, काहींनी तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धारही केला. वस्ताद तेवढे खुर्चीत स्वस्थ होते.

रणधीर गुडघ्यावर बसला. त्या मुलाचा उजवा पाय त्याने उचलून आपल्या मांडीवर घेतला, चवडा दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश त्याच्याच दिशेने दाबला.

“श्रेणिक,” तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडून आलं होतं. “गुडघा वाकवू नकोस. श्वास सोड. आत्ता सुटेल गोळा.”

वेदना ओसरली तसे श्रेणिकने डोळे उघडले. “मी काही बोललोपण नाही,” तो म्हणाला. “उजवीच पोटरी, हे तुला कसं कळलं?”

“सात दिवस तुझ्या नंबरची जर्सी घातली, माझीही तीच धरली,” रणधीर म्हणाला, आणि त्याला उठवायला त्याने हात पुढे केला.