भट्टीवरचा राग

फार जुन्या काळी नदीकाठच्या चुनाभट्टीत एका चुनखडीच्या दगडाला तीन दिवस भाजलं. बाहेर आला तेव्हा तो पांढराफटक पडला होता, वजन निम्म्यावर आलं होतं, आणि भट्टीचं नाव काढलं तरी त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"तुला मी सोडणार नाही," तो भट्टीला म्हणाला.

"भाजणं हे माझं कामच आहे," भट्टी शांतपणे म्हणाली. "पण मी दिलेली धग अजून तुझ्या पोटात आहे. जरा जपून राहा."

"कसली धग? मी केव्हाच थंडगार झालोय," दगड फणकारला. त्यानंतर चार दिवस तो दातओठ खात कोपऱ्यात पडून राहिला. या भट्टीच्या चिंधड्या कधी उडवीन, एवढंच त्याच्या मनात घोळत होतं.

पाचव्या दिवशी शेजारच्या मडक्याला त्याची दया आली. "किती कोरडा पडलास रे बाबा. घोटभर पाणी घे," असं म्हणत ते त्याच्याकडे कललं.

पाणी अंगाला लागलं मात्र, दगड फसफसून उठला. पोटात दडलेली सगळी धग एकदम बाहेर पडली. पाणी खळाखळा उकळलं आणि मडकं तडकून दुभंगलं.

"तुला तहान लागली असेल, एवढंच मला वाटलं होतं," मडकं कण्हत म्हणालं.

दगडाची आता मऊ भुकटी झाली होती आणि राग कुठल्या कुठे गेला होता. पलीकडे भट्टी मात्र शाबूत उभी होती, आणि माणसं तिच्यात नवे दगड भरत होती.