बांगड्यांची पेटी आणि सोन्याची जाळी

एका राज्यात राजवाड्यामागे एक बाग होती. बागेत एक बकुळ होती, आणि बकुळीच्या फांदीला राणीची बांगड्यांची पेटी टांगलेली होती.

आता बांगड्यांची पेटी झाडाला का टांगतात, असे तुम्ही विचाराल. सांगतो. राणी वारली, बांगड्या तिच्या हातातच गेल्या, आणि ती रिकामी पेटी उघडायचा धीर कोणाला होईना. राजा भद्रकेतू लढाईत पुढे असायचा, पण त्या पेटीजवळून जाताना तोही मान फिरवायचा. शेवटी त्याची लेक चारुलेखा, नुकती धड बोलायला लागलेली, म्हणाली, "आईची पेटी रिकामी ठेवू नका. पाखरांना द्या." राज्यात सुतार पुष्कळ होते. तरी राजाने हट्टाने पेटीला भोक स्वतः पाडले, लिंबू आत जाईल एवढे, आणि ते वाकडे झाले. दरबारी मंडळींनी वाहवा केली. पाखरांना वाकड्याचे काही नव्हते.

चैत्रात दयाळाचे जोडपे आले. नर काळा कुळकुळीत, पंखावर पांढरा पट्टा, शेपटी सदा ताठ. मादी राखी रंगाची आणि कामाची. तिने आत मान घालून पाहिले, बाहेर येऊन नराशी काही बोलली, आणि दोघे काड्या-मुळ्या आणू लागली. नर पहाटे बकुळीच्या शेंड्यावर बसून असा गायचा, की पहारेकरी भाले टेकवून ऐकत राहत. समोरच्या दगडी बाकावर बापलेक बसत. मांडीवर चुरमुरे आणि गुळाचा खडा. पेटीत कोणी डोकावायचे नाही असा चारुलेखेचा हुकूम होता, आणि त्या राज्यात तो राजाच्या हुकमापेक्षा जास्त पाळला जाई. बाहेरूनच ओळखायचे. मादी दिसेनाशी झाली म्हणजे अंडी घातली. दोघांच्या चोचीत अळ्या दिसू लागल्या म्हणजे पिले निघाली. आणि येणारे पाखरू जाताना चोचीत पांढरी गोळी घेऊन गेले, की चारुलेखा टाळ्या पिटायची, "शी नेली, शी नेली!" राजाच्या आयुष्यात त्या सकाळींइतके गोड पुन्हा काही आले नाही, आणि ते त्याला तेव्हाही ठाऊक होते. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दर चैत्रात पिले उडून जात. चारुलेखा घटकाभर रडे आणि विसरे. पण एका वर्षी, तिचा पुढचा दात हलू लागला होता त्या वर्षी, ती विसरेना. पेटीतली तीन पिले भोकाशी येऊन बाहेर बघू लागली, तशी तिने बापाच्या गळ्यात हात टाकले.

"बाबा, आई गेली. ही पण दर वर्षी जातात. या वेळी जाऊ देऊ नका."

राजाने काळडोहावरच्या अंजनक जादूगाराला बोलावले. जादूगाराने झोळीतून सोन्याची जाळी काढली, तळहाताएवढी, तीन खिळ्यांची.

"राजा, ज्या घराच्या दाराला ही बसेल, त्या घरातली लेकरे जाणार नाहीत. आणि ज्याच्या हाताने बसेल, त्याच्या घरातलेही लेकरू जाणार नाही. जसे आहे तसे राहील. नीट ऐकलेस?"

"ऐकले."

खरे सांगायचे तर राजाने नीट ऐकले, आणि त्याला ते आवडले. लेक मोठी होईल, एक दिवस घोड्यावर बसून दूर कुठे जाईल, हे त्याच्या मनात राणी गेल्यापासून घर करून होते. आयतेच औषध मिळाले.

"मोबदला?"

"तुझ्या आठवणीतला एक दिवस. तुझी लेक पहिल्यांदा चालली तो."

"माझ्याजवळ तसे दिवस पुष्कळ आहेत. घेऊन जा," राजा म्हणाला आणि त्याने स्वतः खिळे ठोकले.

जाळीतून चोच आत जायची, पिलू बाहेर येत नसे. पिले राहिली. चारुलेखा हसली. सगळ्या राज्याला बरे वाटले.

पुढचा चैत्र आला, त्याच्या पुढचा आला. पिले तीच, तेवढीच, तशीच भुकेलेली. दयाळाचे जोडपे उन्हात, थंडीत, धो धो पावसात अळ्या आणत राहिले. नराला गायला वेळ होईना. मग त्याला गाणे आठवेना. त्याच्या शेपटीची पिसे झिजून काड्या झाल्या. आणि राजवाड्यात राजकन्येचा शिंपी त्याच मापाचे परकर शिवून शिवून कंटाळला. चारुलेखा वाढली नाही. दात हलत राहिला. पडला नाही.

माळ्याची लेक राही ही तिची जिवाची मैत्रीण. दोघी एका उंचीच्या होत्या. राही उंच झाली, राहीचे लग्न झाले, राहीला मुलगी झाली, तिचे नाव ठकू. ठकू रांगली, ठकू धावली, ठकू चारुलेखेच्या खांद्याला लागली. आणि एका चैत्रात ती मूठ घट्ट आवळून बागेत आली.

"मावशी, बघ! माझा दात पडला!"

चारुलेखेने तो इवलासा दात पाहिला. ठकूच्या तोंडातली खिडकी पाहिली. मग ती सरळ दरबारात गेली. वकील, मंत्री, पाहुणे राजे बसले होते. तिने कोणाकडे पाहिले नाही.

"बाबा, माझा दात कधी पडणार?"

राजा सिंहासनावरून उतरला, आणि उतरताना त्याचा पाय चुकला. इतकी वर्षे जे आवडून घेतले होते ते त्याला त्या एका प्रश्नात दिसले.

त्याने जाळी काढायला लोहार बोलावले, घण तुटले. शेवटी जाळीला साखळी बांधून हत्ती लावला. बांगड्यांच्या पेटीला हत्ती! साखळी तुटली, हत्ती बसकण मारून पडला, खिळा हलला नाही. मग फांदीवरची दयाळाची मादी बोलली. ती पूर्वी कधी बोलली नव्हती, कारण तिला वेळ नव्हता.

"राजा, हत्ती घेऊन जा. जाळी तू बसवलीस, तूच काढशील. खिळे तीन, कामे तीन. एक दिवस आमचे काम तू कर. मग जादूगाराला जे दिलेस ते परत आण. तिसरे काम मी नंतर सांगेन, कारण आत्ता ऐकलेस तर पहिली दोन करणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी उजाडताच राजा बागेत उतरला. पानामागच्या अळ्या, ओल्या मातीतले गांडूळ, गवतातले नाकतोडे. पकडावे, चिमटीत धरावे, जाळीतून भरवावे, की तीन चोची पुन्हा उघड्याच. पिलाने शेपूट वर केली की पांढरी गोळी हातावर घ्यावी आणि कुंपणापलीकडे टाकून यावे. मंत्री धावत आले.

"महाराज, हे काय? सेवक आहेत."

"पिले सेवकांनी कोंडलेली नाहीत," राजा म्हणाला आणि गोळी घेऊन कुंपणाकडे गेला.

दुपारपर्यंत त्याची कंबर धरली. संध्याकाळी गुडघे सोलले होते आणि पिले अजून ओरडत होती. एका दिवसात हे. या दोघांनी किती वर्षे केले असेल, या विचाराने त्याने त्या झिजलेल्या पाखरांकडे पाहिले आणि त्याचे डोळे भरून आले. दिवस मावळला. पहिला खिळा टपकन गवतात पडला.

मग राजा काळडोहावर गेला. तिथे पाणी काळे असते आणि मासे माणसांची नावे घेऊन हाका मारतात. राजाने ओ दिली नाही. जादूगाराच्या गुहेत फडताळे होती, फडताळांत बरण्या होत्या, आणि बरण्यांत लोकांचे दिवस ठेवले होते.

"माझा दिवस परत दे."

"देईन. आधी पाहून घे, तुझाच आहे ना," जादूगार म्हणाला आणि त्याने झाकण उघडले.

बरणीतून ऊन बाहेर आले. राजवाड्याचे अंगण, सारवलेले. राणी दारात उभी, हातात त्या पेटीतल्याच बांगड्या. अंगणाच्या मधोमध चारुलेखा, दोन पायांवर, डुगडुगत. राणीचा आवाज कसा होता हेसुद्धा तो विसरला होता.

"बस," जादूगार मायेने म्हणाला. "हवे तितके पाहा. इथे बसून पाहिलेस तर दर वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखे वाटेल. तुझ्याजवळ परत गेला की मात्र हा दिवस विटत जाईल."

राजा बसला. त्याने तो दिवस पाहिला, पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला. त्याच्या दाढीवर गुहेची धूळ साचली. पोरीच्या पावलांवरून त्याची नजर हलत नव्हती. पण पुष्कळ पाहिले की माणसाला कडेचेही दिसू लागते. त्याला अंगणात आणखी एक जण दिसला. तरुण, काळ्या दाढीचा, दोन्ही हात पसरून ओणवा झालेला. तो स्वतः. पोर एक पाऊल टाकून त्याचा हात धरायला जाई, आणि तो हसत हसत एक पाऊल मागे सरके. पोर आणखी एक पाऊल टाकी, तो आणखी मागे. आणि दारातून राणी म्हणत होती, "अहो, आणखी थोडे मागे. येईल ती."

राजा उठला.

"कुठे निघालास?" जादूगार म्हणाला. "अजून ती तुझ्यापर्यंत पोचली नाही."

"मी मागे सरकतो म्हणून ती चालते आहे," राजा म्हणाला. "विटला तरी चालेल. माझा दिवस दे."

मागायला आलेल्याला गुहेत बसवून ठेवता आले नाही, तर त्याचा दिवसही जादूगाराला ठेवता येत नाही. गुहेतला कायदाच तसा आहे. राजाने बरणी काखोटीला मारली. तो बागेत पोचला तेव्हा दुसरा खिळा गवतात पडलेला होता, आणि चारुलेखा बाकावर वाट पाहत होती. तिच्या मांडीवर चुरमुरे होते.

"आता तिसरे सांग," राजा मादीला म्हणाला.

"शेवटचा खिळा हाताने काढ. मग बाकावर बस. शेवटचे पिलू उडेपर्यंत उठायचे नाही. उठलास तर जाळी परत बसेल आणि मग ती कोणाच्याच हाताने निघणार नाही."

"एवढेच?"

"एवढेच," मादी म्हणाली. तिच्या आवाजात राजाची थोडी कीव होती.

खिळा लोण्यातून निघावा तसा निघाला. राजा बाकावर बसला, हात गुडघ्यांवर ठेवून. मादीने एक हिरवी अळी पकडली, पण ती पेटीपाशी गेली नाही. समोरच्या फांदीवर बसून अळी दाखवत राहिली. पहिले पिलू भोकात आले, ओरडले, आणि इतक्या वर्षांनी बाहेरच्या उन्हात डोळे मिटून घेतले. मादी एक फांदी मागे सरकली. पिलू पुढे झुकले. मादी आणखी एक फांदी मागे.

"अगं, ही तर..." राजा म्हणाला.

पहिले पिलू उडाले. धडपडत का होईना, पण बकुळीवरून चाफ्यावर गेले. दुसरे त्याच्या मागे गेले. तिसरे सगळ्यांत लहान. ते भोकातून सुटले आणि थेट खाली गवतात पडले. आणि तेवढ्यात कुंपणाखालून मुंगूस आले.

राजाचे सगळे अंग उठायला निघाले. चार पावले! चार पावलांत त्याने ते पिलू ओंजळीत घेतले असते. त्याच्या हातांच्या मुठी झाल्या. मुंगूस गवत हुंगत पुढे आले. राजाने बाकाची कड इतकी घट्ट धरली की नखांतून रक्त आले.

"बसा, बाबा," चारुलेखा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "बसा."

दयाळाचे ते म्हातारे जोडपे मुंगसावर तुटून पडले. नर, ज्याला उडताना दम लागत असे, तो मुंगसाच्या डोळ्यांवर झेपावला. मुंगूस वळले, फिसकारले, पुन्हा वळले. तेवढ्या वेळात पिलू उडी मारून तुळशीच्या कठड्यावर चढले, कठड्यावरून कण्हेरीवर, आणि कण्हेरीवरून त्याने पंख उघडले.

ते कुंपणापलीकडे गेले तेव्हा राजाने हात सोडला.

काही घडले नाही. राजाला वाटले, झाले, उशीर झाला. भीतीने त्याला लेकीकडे पाहवेना. चारुलेखेने डोळे पुसले आणि, रडून झाल्यावर मुलांना लागते तशी, तिला भूक लागली. मांडीवरच्या चुरमुऱ्यांत राहीने ठेवलेली एक कैरी होती. तिने ती उचलली आणि दात लावला.

"बाबा!"

कैरीत दात रुतून बसला होता, पांढरा, एवढासा. तिच्या ओठांवर रक्ताचा थेंब होता आणि ती खिडकी पडलेल्या तोंडाने हसत होती. राजा ओक्साबोक्शी रडला. मंत्र्यांनी पाहिले, पाहू दे.

त्या राज्यात पडलेला दात कौलांवर टाकायची रीत होती. राजाने सवयीने हात पुढे केला.

"मी टाकते," चारुलेखा म्हणाली. "तुम्ही जरा मागे व्हा. मला हात झोकायला जागा हवी."

आणि राजा एक पाऊल मागे सरकला.

पुढे सगळे रीतसर झाले. शिंपी नवी मापे घेऊन घेऊन दमला आणि त्या दमण्यात खूश झाला. चारुलेखा मोठी झाली, ठकूबरोबर मोठी झाली, आणि एका सकाळी दूरच्या समुद्राकाठचा मुलूख सांभाळायला घोड्यावर बसून निघाली. घोडा वेशीपाशी थबकला. तिने वळून पाहिले. राजा अजून तिथेच होता, दाढी पांढरी, दोन्ही हात पसरलेले, आणि तो हसत हसत एकेक पाऊल मागे सरकत होता. तशी तिने घोडा पुढे काढला.

राजाने जाळी वितळवून लेकीसाठी बांगड्या केल्या होत्या. त्या आता समुद्राकाठी वाजतात. पेटीचे वाकडे भोक उघडे आहे. दर चैत्रात दयाळ येतात, त्याच पिलांची पिले, आणि नर पहाटे शेंड्यावर बसून पिले उडाल्यावर त्याच्या आजोबाला पुन्हा आठवलेले गाणे गातो. बाकावर राजा बसलेला असतो. मांडीवर चुरमुरे, गुळाचा खडा. येणारे पाखरू पांढरी गोळी घेऊन गेले, की आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तो हळूच टाळी वाजवतो.

गोष्ट राजाची होती, ती त्याच्या बागेत ठेवली. तुमच्या दाराशी जे पिलू येऊन बसले असेल, त्याला वारा मिळो.