कोरड्या लुगड्याची कहाणी

ऐका बायांनो, कोरड्या लुगड्याची कहाणी. आटपाट गाव होतं, चिखलाचं होतं. तिथं एक मजूर बायांचं घर होतं. घरात सासू, सून सगुणा, अन् सगुणेची तान्ही लेक. सासूसुना दिवसभर लोकांच्या खाचरात भात लावीत, ओल्या अंगानं घरी येत. कोरडं लुगडं एकच. आधी सासू नेसे, चुलीशी शेके, मग उतरून सुनेला देई.

पुढं सगुणेच्या कमरेला गजकर्ण उठलं. खाजवी, रडे, पदरानं झाकी. सासूनं पाहिलं. म्हणाली, "माहेरची घाण आणलीस गं. आता लेकराला शिवायचं नाही." मग सगुणा गोठ्यात निजू लागली. लेक आजीच्या कुशीत. सगुणेनं दूध पिळून वाटीत द्यावं, दारातून लेकीला बघावं.

मग ती दवाखान्यात गेली. नर्सबाईला म्हणाली, "बाई, याला उतारा सांगा."

"सांगेन. पण उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. अंग कोरडं ठेवावं. मलम लावावं. डाग गेला, तरी पंधरवडाभर लावीत राहावं. एकीचं दुसरीनं नेसू नये. घरात जिला जिला आहे, तिनं तिनं औषध घ्यावं. एक लपली, की सगळ्यांचा वसा मोडला."

सगुणेनं मलम लावलं. डाग गेला. पण नेसायला लुगडं तेच. डाग परत आला. तिनं विचारलं, "आत्याबाई, तुम्हांला काही आहे का?" सासू म्हणाली, "मला गं काय होतंय?" पुन्हा लावलं, पुन्हा गेला, पुन्हा आला. पुन्हा विचारलं. "मी काय तुझ्यासारखी?" तिसऱ्यांदा विचारलं. "सासूची कंबर बघतेस? मेलीला लाज नाही."

मग तान्हीच्या पोटावर वाटोळे चट्टे उठले. सगुणा म्हणाली, "आत्याबाई, मी तर हिला शिवलेसुद्धा नाही."

सासूनं कमरेची गाठ सैल केली. कमरेभोवती गजकर्णाचं जुनं काळं कडं. म्हणाली, "तू या घरात आलीस, त्याच्या आधीचं आहे. सांगू कुणाला?"

मग तिघींचं औषध एकदम सुरू झालं. नर्सबाईनं सगुणेला आपलं जुनं पातळ नेसायला दिलं. सासूच्या पाठीला हात पुरेना, तिथं सगुणेनं मलम लावलं. तिघींची अंगं निवळली. मग सगुणेनं लेकीला उचललं. लेक परकी बाई बघावी तशी रडली, आजीकडं झेपावली.

"होईल सवय," सासू म्हणाली.

सगुणेनं लुगडं अन् पातळ धुतलं, दोन दोऱ्यांवर वेगवेगळं वाळत घातलं.

बायांनो, तिचं अंग निवळलं, तसं तुमचंआमचं निवळो. तिचं लेकरू दुरावलं, तसं कुणाचं न दुरावो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली. सुफळ झाली, संपूर्ण तुम्ही करा, लपवू नका.