निळा दिवा

घराघरांत संगणक आले, त्या काळची गोष्ट. कुमुदकाकूंच्या देवघरात एक स्पीकर होता. श्रावणी शुक्रवारी घरातला लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक ब्लूटूथवरून त्याला जिवतीची कहाणी पाठवी. यंदा संगणकाचं अपडेट झालं आणि स्पीकरला त्याची हाक येईनाशी झाली.

"विसरला तुला तो," घंटा म्हणाली. स्पीकर तरी निळा दिवा मिचकावत वाट पाहत राहिला.

"मी हाक मारतोच आहे रे," संगणक म्हणाला. "जोडणी पुन्हापुन्हा करून पाहिली, पोचत नाही."

समईने संगणकाला विचारलं, "पूजेआधी काकू मला लावतात. तुझ्यात आधी कोण उठतं?"

"ब्लूटूथची सेवा, म्हणजे हाक पोचवणारा प्रोग्राम. अगं, अपडेटनंतर ती निजूनच आहे."

संगणकाने तिला उठवलं, रोज आपल्याबरोबर उठायला सांगितलं.

स्पीकरमधून कहाणी सुरू झाली. काकूंनी अक्षता हाती घेतल्या. स्पीकरला हाक पोचली, तशी वाट पाहणाऱ्या सर्वांना पोचो.