गोंदाजीच्या तव्यांचं कोण लिहिणार?

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की राजाला आपलं राज्य बघायचं तर पायीच फिरावं लागे, आणि म्हणून राज्यही बेताचंच होतं. त्या राज्यात बाजारपेठेचं एक गाव होतं, आणि गावच्या वेशीला लागून चुन्यानं रंगवलेली एक लांबलचक भिंत होती.

या भिंतीची रीत ऐका. प्रत्येक दुकानदाराला तिच्यावर एक चौकट मिळे. दर बाजाराच्या दिवशी त्या चौकटीत त्यानं आपल्या धंद्याविषयी काहीतरी नवं लिहायचं. मागचं पुसायचं, ताजं गेरूनं लिहायचं. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी गावचे पंतोजी उभं राहून मोठ्यानं वाचत. वीस गावांची माणसं आधी भिंतीपाशी थांबत, मग बाजारात शिरत. ज्याची चौकट लोकांना पटली, त्याच्या दुकानापुढं त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे.

आता तागडी धरणाऱ्या हाताला लेखणी कुठली धरता येते? म्हणून गावच्या धर्मशाळेत फिरते लिहिणारे उतरत. ते कुणाचे चाकर नव्हेत. ज्यानं बोलावलं त्याचं लिहायचं, पोटापुरतं घ्यायचं आणि पुढच्या गावाला लागायचं.

याच गावात गोंदाजी नावाचा तवेवाला राहायचा. लोखंडी तवे विकायचा त्याचा आजोबांपासूनचा धंदा. माल म्हणाल तर बावनकशी, पण दोन वर्षं झाली, तवे खपेनासे झाले होते. पडवीतला ढीग आढ्याला टेकला. भट्टीवरच्या तिघा लोहारांनी तोंडावर सांगून टाकलं की संक्रांतीपर्यंत ढीग हलला नाही, तर ते बिऱ्हाड उचलणार. लोहार गेले की भट्टी विझणार. आजोबांनी पेटवलेली भट्टी आपल्या हयातीत विझणार हे गोंदाजीला सोसवेना.

माल चोख आहे, म्हणजे खोट आपल्या चौकटीतल्या लिहिण्यात आहे, असं त्यानं ठरवलं आणि तडक धर्मशाळा गाठली.

पहिला लिहिणारा भेटला तो भरजरी पगडीवाला. अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. गोंदाजी ते अक्षर बघूनच भाळला. पगडीवाल्यानं विचारलं एवढंच, की चौकट केवढी आहे. मग त्यानं तव्याला पूर्णचंद्र म्हटलं, चुलीला यज्ञकुंड म्हटलं आणि फुंकणीला तर काय काय म्हटलं ते पंतोजींनाही धड उच्चारता येईना. लोक डोलले. एका म्हाताऱ्यानं डोळेसुद्धा पुसले. मग सगळे उठले आणि कांदे घ्यायला गेले. तवा काही एकही हलला नाही.

दुसरा लिहिणारा होता चलाख. दिवसाला वीस चौकटी भरतो म्हणाला. गोंदाजीला वाटलं, असा झपाटा पाहिजे. या पठ्ठ्यानं तर दुकानदाराचं नाव तेवढं विचारून घेतलं. त्याची युक्ती अशी, की मजकूर एकच, त्यात वस्तूचं नाव तेवढं बदलायचं. सकाळी त्यानं वहाणा विकणाऱ्याचं लिहिलं होतं. पंतोजी पडले लिहिलंय तेच वाचणारे. त्यांनी घसा साफ केला आणि गंभीर चेहऱ्यानं वाचलं, "गोंदाजीचा तवा पायात घाला आणि खुशाल दहा कोस चाला. चावणार नाही, चिखलात रुतणार नाही."

काय सांगू, बाजार हसून हसून जमिनीवर बसला. पुढं आठ दिवस गावची पोरं पायाला तवे बांधून गोंदाजीच्या दारावरून खणाखण चालत गेली. बिचाऱ्याला तोंड लपवायला जागा उरली नाही, आणि संक्रांत दोन बाजारांवर आली.

तिसरी लिहिणारी आपण होऊन त्याच्या दारी आली. तिचं नाव साळूबाई. अंबाड्यात लेखणी खोचलेली आणि अक्षर असं, की कोंबडीनं उकिरडा उकरावा. गोंदाजीनं ते बघून नाक मुरडलं. पण बाईनं लिहायचं नावच काढलं नाही. ती जोत्यावर ऐसपैस बसली आणि एकेक विचारू लागली. तवा नेणारे त्यावर काय करतात? एकदा नेलेला माणूस पुन्हा येतो का? नाही आला, तर का नाही आला? गोंदाजीला एकाचंही उत्तर देता येईना. शेवटी तिनं आठ दिवसांसाठी एक नवा तवा वापरायला मागितला. गेला हा तवा, असं गोंदाजी मनात म्हणाला. पण ढिगाला काय तोटा होता? त्यानं देऊन टाकला.

बाजाराच्या आदल्या दिवशी साळूबाई परत आली. तवा काळाभोर झाला होता आणि तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती.

"शेट," तिनं विचारलं, "या तव्यावर तुम्ही कधी धिरडं घातलंय?"

"मी तवे विकतो बाई. धिरडी नाही विकत."

"मग उद्या मी काय लिहिणार ते ऐका," म्हणून तिनं वाचून दाखवलं, "गोंदाजीच्या तव्यावर पहिलं धिरडं चिकटतं. दुसरंही चिकटतं."

पुढचं ऐकायला गोंदाजी थांबलाच नाही. आधी एकानं हसं केलं, आता ही मुळावर उठली, असं म्हणत तो तावातावानं उठला. तेवढ्यात त्याची बायको भागा हात पुसत आतून आली.

"ती खोटं नाही सांगत," भागा म्हणाली. "नवा तवा चिकटतोच. राखेनं घासायचा, तापवून तेल लावायचं, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा. पहिली दोन धिरडी गाईला घालायची. मग तोच तवा सुनेच्या सुनेला पुरतो."

"अगं, मग इतक्या वर्षांत मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आता गोंदाजीच्या डोक्यात उजेड पडला. लोक हौसेनं तवा नेत होते, पहिलंच धिरडं मोडत होतं, आणि मग तवा खुंटीला लागत होता. शिवाय नेणारी बाई चार घरी सांगत होती ते वेगळंच. त्याला भीती वाटली. आपल्या मालाची खोड आपणच वेशीवर टांगायची म्हणजे काय गंमत आहे? पण ढीग समोर होता आणि भट्टीची धग पाठीला लागत होती.

"लिही," तो म्हणाला. "सगळं लिही. कांद्याचंही लिही."

दुसऱ्या दिवशी पंतोजींनी पहिलं वाक्य वाचलं आणि बाजारात शिरू लागलेलेही भिंतीकडे वळले. त्यांनी पुढचं वाचलं, राखेचं, तेलाचं, कांद्याचं. गर्दीतून एक बाई म्हणाली की तिचा तवा दोन वर्षं खुंटीला आहे, हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं. दुसरी म्हणाली, लिहिणं सोपं असतं, करून दाखवा.

भागानं तिथंच तीन दगड मांडून चूल पेटवली, नवाकोरा तवा चढवला आणि नवऱ्यालाच पुढं बसवलं. गोंदाजीनं बाह्या सारल्या. पहिल्या धिरड्याच्या चिंध्या झाल्या आणि वेशीवरच्या कुत्र्याची चंगळ झाली. दुसरं अर्धं आलं, अर्धं तव्यालाच राहिलं. लोक हसत होते, पण जात कुणीच नव्हतं. तिसऱ्याच्या कडा सुटल्या. गोंदाजीनं हळूच उलथनं सरकवलं, आणि गोल, जाळीदार, अख्खं धिरडं वर आलं. पहिला नातू दाखवावा तसं त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. त्याला भरून आलं होतं, आणि ते लपवायची त्याला शुद्ध नव्हती.

बायका तवे मागू लागल्या, तर हा उठेना. थांबा, अजून एक घालतो, म्हणत त्यानं सगळं पीठ संपवलं. दुकान त्या दिवशी भागानंच चालवलं.

संक्रांतीच्या आत पडवी रिकामी झाली. लोहारांनी बिऱ्हाड हलवायचं सोडून चौथा गडी मागितला. साळूबाई आपल्या रीतीप्रमाणे पुढच्या गावाला गेली. तिच्यानंतर गोंदाजीकडे कितीतरी लिहिणारे आले. तो त्यांच्या हातात एक तवा द्यायचा आणि गप्प बसून वाट बघायचा. ज्यानं काही विचारलं, त्याला काम मिळायचं. ज्यानं काहीच विचारलं नाही, त्याला दोन गरम धिरडी आणि रामराम.

लिहिणारा निवडायचा असेल तर त्याचं अक्षर बघू नये, त्याचे प्रश्न ऐकावेत.