पाच वह्या आणि रुईफुली काठ

एकदा एका विणकरांच्या पेठेत एक वृद्ध आचार्य येऊन राहिले. पेठेची सारी देवघेव एकाच सावकाराच्या वहीत असे, आणि तो म्हणेल ती पूर्वदिशा. आचार्यांनी नवी रीत घालून दिली. रोज संध्याकाळी प्रत्येक व्यवहार चावडीवर मोठ्याने सांगायचा, आणि पाच घरच्या पाच वह्यांत एकाच वेळी लिहायचा. लिहिलेले कोणी खोडायचे नाही. लोकांचा जाच संपला. आचार्यांचा शिष्य तर इतका हरखला, की त्या वह्यांना फूल वाहायचेच काय ते बाकी होते.

एके दिवशी सगुणाबाई साळीण रडत आली. "व्यापाऱ्याला विकलेल्या माझ्या दोन लुगड्यांचे पैसे जमाच नाहीत म्हणतात, महाराज. उद्या सूत आणलं नाही तर माग बंद पडेल."

शिष्याने पाचही वह्या चाळल्या. "बाई, सगळीकडे एकच मजकूर आहे. व्यापाऱ्याने नेलेल्या लुगड्यांच्या गाठोड्याचे सगळे पैसे तुमच्या शेजारच्या तुळसाबाईंच्या नावे जमा केले. पाच वह्या एकदम खोटं कशा बोलतील?"

आचार्यांनी पाचही वह्या मिटून बाजूला सारल्या. व्यापाऱ्याला ते गाठोडे आणायला सांगितले आणि शेजारच्या तुळसाबाईला बोलावणे धाडले. शिष्याला काही उमगेना. इतक्या खटपटीने उभी केलेली रीत गुरुजी स्वतःच मोडत होते!

व्यापाऱ्याने लुगडी उलगडली. तुळसाबाईने काठावरून हात फिरवला. "ही दोन माझी नव्हेत. रुईफुली काठ मला कुठं जमतो? हा सगुणाचा हात. आमचं गाठोडं एकच होतं, म्हणून सगळं माझ्या नावावर पडलं असेल. मला मेलीला वाचता येतं थोडंच! अगं, आधी मला नाही का विचारायचंस?"

सगुणाबाईने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "तुझ्यामुळं माझा माग वाचला गं."

शिष्याने मान खाली घातली आणि चूक खोडायला लेखणी उचलली. आचार्यांनी त्याला थांबवले.

"खोडू नकोस. खाली नवी ओळ लिही, पाचही ठिकाणी: ही रक्कम सगुणाबाईची, तुळसाबाईच्या सांगण्यावरून. बाळ, या वह्यांनी एकाची मनमानी थांबवली, हे त्यांचे उपकारच आहेत. परंतु वही जे ऐकते तेच लिहिते. चुकीचे ऐकले, तर पाच घरी चुकीचेच लिहिले जाते, आणि मग ते अधिकच खरे वाटू लागते. म्हणून वह्यांच्या शेजारी एक ओटा हवा. जिला अक्षरओळख नाही, तिलाही तिथे बसून 'हे चुकलंय' म्हणता यावे, आणि ते ऐकून घेणारे कोणीतरी असावे."

शिष्याने ती ओळ पाचही वह्यांत लिहिली. मग उठून त्याने गुरुजींच्याही आधी तुळसाबाईला नमस्कार केला.

आज एकच हिशेब असंख्य संगणकांवर एकाच वेळी लिहून ठेवण्याची रीत येत आहे. तिचे ऋण आपण आनंदाने मानावे; नियम करणाऱ्यांनी सगुणाबाईसाठी तो ओटा मात्र आधी बांधावा.